सायनोटाइपचे टोनिंग बिघडते तेव्हा: पांढरे मळणे, निळे उडणे, डाग पडणे

चहा, कॉफी, धुण्याचा सोडा, हिरड्याची पूड. घरातल्या एवढ्या सामानावर सायनोटाइपचा, म्हणजे लोखंडाच्या मिठाचे कोटिंग कागदावर देऊन, उन्हात ठेवून आणि पाण्यात धुऊन काढलेल्या प्रिंटचा, निळा रंग तपकिरी, काळपट किंवा जांभळट करता येतो. यालाच टोनिंग म्हणतात. नाशिकमध्ये हे करणारे आता बरेच आहेत आणि बिघडलेले प्रिंट घेऊन माझ्याकडे येणारेही. प्रत्येकाचे म्हणणे एकच असते की चहाच चांगला नव्हता. चहाचा दोष क्वचित निघतो. बहुतेक वेळा खोट चहाच्या आधीच्या धुण्यात किंवा नळाच्या पाण्यात सापडते.

आधी लक्षणे बघा. तुमचे प्रिंट कुठे बसते त्यावर पुढचे तपासणे ठरेल.

• पांढऱ्या भागावर करडा, जांभळट किंवा मातकट थर. सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच.
• पांढरा भाग पिवळट तपकिरी, पण सगळीकडे सारखा आणि कागदाच्या मागेही तसाच.
• सोड्यात टाकताच निळे उडाले. नंतर चहात कितीही वेळ ठेवा, फिकट तपकिरीच्या पुढे काही जात नाही.
• रात्रभर चहात ठेवूनही निळे ते निळेच, फार तर जरा काळवंडलेले.
• ढगाळ धब्बे, ब्रशचे फटकारे, एका कोपऱ्यात टोन आणि दुसऱ्यात नाही.
• बारीक निळे किंवा फिकट ठिपके.
• टोन झकास आला, वाळला, आणि काही दिवसांनी मधूनच निळे डोकावू लागले.

तपासण्याआधी आत काय चालते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे आंधळेपणाने करावे लागणार नाही. जॉन हर्शेलने 1842 मध्ये ही पद्धत शोधली. तिचा निळा रंग म्हणजे लोखंडाचे एक संयुग, प्रशियन ब्लू. आम्लात तो टिकतो, सोड्यासारख्या क्षारात मोडतो. धुण्याचा सोडा लावला की लोखंड गंजासारख्या पिवळट रूपात कागदात राहते आणि निळ्याचा दुसरा घटक, फेरोसायनाइड, पाण्यात उतरते. मग चहा-हिरड्यातला तुरट घटक, टॅनिन, येते आणि त्या लोखंडाला धरून काळा-तपकिरी रंग तयार करते. जुनी लोखंडी शाई याच तत्त्वावर बनायची. आता अडचण अशी की चित्रातले लोखंड कुठले आणि धुवायचे राहून गेलेले कुठले, हे टॅनिनला कळत नाही. ते दोन्हीला सारखेच रंगवते.

फुकटात होणारी तपासणी: कोऱ्या कागदाची पट्टी

ज्या कागदावर प्रिंट काढला त्याच कागदाची, कोटिंग न केलेली एक पट्टी कापा. ती त्याच पाण्यात भिजवा आणि प्रिंटबरोबर त्याच चहात सोडा. बाहेर काढल्यावर दोन्ही धुऊन शेजारी ठेवा.

पट्टीही प्रिंटच्या पांढऱ्या भागाइतकीच रंगली असेल, तर तो चहाचा स्वतःचा डाग. कागद रंगला, बाकी काही बिघडलेले नाही. चहा पातळ करा, पूर्ण गार होऊ द्या, वेळ कमी करा. आपल्याकडची सीटीसी, म्हणजे दाणेदार चहाची, पावडर रंगाला जबर असते, त्यामुळे उकळून उकळून केलेला कडक चहा कागदाला आधी रंगवतो आणि लोखंडाकडे नंतर वळतो. ग्रीन टी किंवा हिरडा यांचा कागदावर कमी डाग पडतो. हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळतो, रविवार कारंजाच्या बाजूला गेलात तर शोधावाही लागत नाही. डाळिंबाची साल सटाणा-देवळ्याकडून फुकट मिळते म्हणून पुष्कळजण वापरतात. तिच्यात टॅनिन भरपूर असते, पण पिवळा रंगही तेवढाच. जुनाट पिवळी छटा हवी असेल तर घ्या, स्वच्छ पांढरे हवे असेल तर नको.

पट्टी बऱ्यापैकी स्वच्छ आणि प्रिंटचे पांढरे मात्र करडे-जांभळट असेल, तर तिथे लोखंड उरले आहे. चहा बदलून काही होणार नाही. खालच्या दोन तपासण्या कराच.

धुणे पुरे झाले होते का?

टोन करण्याआधी प्रिंट ओला असतानाच खिडकीसमोर धरा आणि मागून बघा. पांढऱ्या भागात पिवळसर झाक दिसली तर न बदललेले लोखंडाचे मीठ अजून आत आहे. डोळ्यावर भरवसा नसेल तर कापसाच्या बोळ्याने कडक, गार चहाचा एक थेंब चित्राच्या कडेला, पण कोटिंग झालेल्या पांढऱ्या जागी लावा. मिनिट-दोन मिनिटांत थेंबाखाली करडेपणा आला की उत्तर मिळाले. चहाचा साधा डाग पिवळट असतो, लोखंडाचा करडा किंवा जांभळट, आणि हा फरक एकदा डोळ्यात बसला की पुन्हा विचारावे लागत नाही.

उपाय स्वस्त आहे. पहिल्या पाण्यात लिंबूसत्त्व घाला, लिटरला पाव चमचा पुरे. आम्लात निळा सुरक्षित राहतो आणि सुटे लोखंड लवकर निघते. पाच मिनिटांनी पाणी बदला, पुन्हा बदला, मग साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे. जाड, 300 जीएसएमचा कागद असेल तर त्याहून जास्त. नळ सोडून ठेवायची गरज नाही, उन्हाळ्यात तर ते परवडतही नाही. ट्रे हलवत पाणी चार-पाच वेळा पूर्ण बदलले की काम होते.

शिवाय ताजा प्रिंट लगेच टोन करू नका. धुऊन वाळवा, एक-दोन दिवस हवेत राहू द्या. निळा पूर्ण पक्का व्हायला हवेतला ऑक्सिजन लागतो. घाई असेल तर शेवटच्या पाण्यात औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड चमचाभर टाका, निळा डोळ्यांदेखत गडद होतो. पण त्याने टिकाऊपणा वाढत नाही, फक्त वाट बघणे वाचते.

धुके

धुणे नीट झाले आणि तरीही पांढरे करडे येत असेल, तर तिथे निळ्याचा पातळ थर आधीपासून असणार. इतका पातळ की टोन करेपर्यंत दिसला नाही. हे ओळखायला कोटिंग केलेली एक पट्टी अंधारात वाळवा आणि उन्हाला न दाखवता थेट धुवा. ती कोरी निघायला हवी. निळसर निघाली तर धुके आहे.

नाशिकमध्ये हे जुलै-ऑगस्टमध्ये हमखास होते. हवेत ओल असते, कोट केलेला कागद वाळता वाळत नाही, आणि पिवळा-हिरवा दिसायला हवा तो वापरण्याआधीच निळसर पडतो. पावसाळ्यात सकाळी कोट करा, पंख्याखाली वाळवा आणि त्याच दिवशी वापरून टाका. हेअर ड्रायर वापरायचा तर गार हवेवर. कोटिंगची दोन्ही द्रावणे, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, एकत्र करून ठेवलेली बाटली टिकत नाही, वेगवेगळी ठेवा. फेरिक अमोनियम सायट्रेटच्या द्रावणावर बुरशी येते, ती फडक्यातून गाळली तरी चालते.

पाणी

निळे आपोआप फिकट पडत असेल, अगदी सोडा न लावताही, तर पाण्याकडे वळा. महापालिकेचे पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येते, त्याचा फारसा त्रास नाही. पण कितीतरी सोसायट्यांच्या टाकीत बोअरचे पाणी मिसळलेले असते, आणि उन्हाळ्यात टँकर येतो तो कुठल्या विहिरीचा ते कुणी सांगत नाही. आपल्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातले बायकार्बोनेट किंचित क्षारयुक्त. लांबलेल्या धुण्यात ते सोड्याचेच काम हळूहळू करते.

गीझर किंवा किटलीच्या आत पांढरी खपली धरत असेल तर पाणी जड आहे, वेगळी चाचणी नको. उपाय म्हणजे प्रत्येक पाण्यात लिंबूसत्त्वाची चिमूट, किंवा शेवटची दोन पाणी पिण्याच्या फिल्टरची. फिल्टरमधून वाया जाणारे पाणी मात्र घेऊ नका, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.

बारीक निळे ठिपकेही कधी पाण्यातूनच येतात. जुन्या लोखंडी पाइपाचा गंज कोटिंगवर बसला की तिथे निळा उमटतो. नळाला पांढरे फडके बांधून ठेवा, संध्याकाळी तांबूस दिसले तर कळेल.

फिकट ठिपक्यांचे एक खास आपल्या भागातले कारण आहे. द्राक्षाच्या पानाचे प्रिंट सगळ्यांनाच काढायचे असतात, आणि बागेतले पान बोर्डो फवारलेले असते. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. पान ओलसर कोटिंगवर दाबले की चुना जिथे लागतो तिथे निळे उडते, आणि सोड्यात ते ठिपके आणखी उघडे पडतात. पान साध्या पाण्याने दोन्ही बाजूंनी धुवा आणि पूर्ण कोरडे करून मगच ठेवा.

सोडा: मोजा, चमच्याने नको

"मागच्या महिन्यात याच मापाने छान झाले होते, आज क्षणात उडाले." असे कुणी म्हणाले की मी सोड्याचे पाकीट मागतो. धुण्याच्या सोड्याच्या खड्यांमध्ये वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त पाणी असते. पाकीट उघडे राहिले की कोरड्या हवेत ते पाणी उडते आणि खड्यांची पांढरी भुकटी होते. त्याच वजनाच्या भुकटीत सोडा दुपटीहून जास्त. म्हणजे एप्रिलमधला चमचा आणि जानेवारीतला चमचा एक नाही. सोडा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, किराणा दुकानातल्या छोट्या डिजिटल काट्यावर तोलून घ्या.

भुकटी असेल तर लिटरला 2 ग्रॅमने सुरुवात करा. मुद्दामच इतके पातळ. निळा आधी जांभळट होतो, मग फिकट, मग पिवळा. हे मिनिटभरात हळूहळू घडायला हवे, म्हणजे हवे तिथे थांबवता येते. हव्या त्या रंगाच्या थोडे आधीच बाहेर काढा, कागदात शोषलेला सोडा पाण्यात गेल्यावरही काही वेळ काम करत राहतो.

हातातून निसटलेच, तर साध्या पाण्यात धुण्याआधी प्रिंट लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवा. फेरोसायनाइड अजून कागदात असेल तर ते लोखंडाशी पुन्हा जुळून थोडे निळे परत येते. पूर्ण धुऊन झाल्यावर हा उपाय चालत नाही.

याच कारणाने काही दिवसांनी निळे डोकावते. सोड्यानंतरचे धुणे अपुरे राहिले, फेरोसायनाइड आत राहिले, आणि पुढे कुठूनतरी आम्ल लागले, म्हणजे व्हिनेगरचे पाणी किंवा आम्लधर्मी माउंट (फ्रेममधला पुठ्ठा), की रंग जुळतो. सोडा गेला की नाही हे हळदीने कळते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद शेवटच्या पाण्यात टेकवा. लालसर झाला तर सोडा बाकी आहे, पिवळाच राहिला तर चहात टाकायला हरकत नाही. सोडा राहिलेला प्रिंट चहात गेला तर चहा तिथल्या तिथे काळवंडतो आणि कागदावर जास्त डाग धरतो, पांढरे मळण्याचे हे आणखी एक कारण.

खायचा सोडा चालतो का, असे विचारतात. चालतो, पण मंद. तो पाण्यात चांगला उकळला की कार्बन डायऑक्साइड निघून त्यातला बराचसा धुण्याचा सोडाच होतो, म्हणून उकळलेला आणि न उकळलेला एकाच मापाने वापरू नका. कपड्यांची पावडर मात्र अजिबात नको. तिच्यातले चमक आणणारे रंग आणि सुगंध कागदातून निघत नाहीत.

निळे हलतच नाही, किंवा धब्बे

नुसत्या चहात निळे पूर्ण जात नाही, यात बिघाड काही नाही. चहा निळ्यावर काळपट थर चढवतो. तपकिरी हवा तर आधी सोडा, मग धुणे, मग चहा. क्रम उलटा केला तर वेगळीच छटा येते, तीही वाईट नसते, पण एका तुकड्यावर आधी बघा.

सोड्यानंतरही रंग दुबळा येत असेल तर मूळ प्रिंटमध्येच निळे कमी होते. टोनिंगसाठी उन्हात नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावे लागते. गडद भाग धुण्याआधी करडे, कांस्यासारखे दिसायला लागले की पुरे. नाशिकच्या मेमधल्या आणि डिसेंबरमधल्या उन्हात खूप फरक असतो, म्हणून घड्याळापेक्षा या रंगावर विश्वास ठेवा.

धब्ब्यांची कारणे साधी आहेत. प्रिंट कोरडा बुडवला, खाली हवेचा बुडबुडा अडकला, दोन प्रिंट एकमेकांवर चिकटले, चहाची पत्ती न गाळता सोडली. आधी साध्या पाण्यात भिजवा, मलमलीतून गाळा, एका वेळी एकच, आणि ट्रे हलवत राहा. भांडे लोखंडी नको, लोखंडी कढईत केलेला चहा स्वतःच काळा होतो. सोड्याला ॲल्युमिनियमही नको. स्टील, काच किंवा प्लास्टिक, आणि ते भांडे परत स्वयंपाकघरात जाऊ नये.

ओल्या प्रिंटवरून निकाल काढू नका. वाळल्यावर रंग गडद होतो, आणि ओला असताना "अजून थोडे" म्हणून ठेवलेला प्रिंट सकाळी काळाकुट्ट निघतो.

कागद

हे शेवटी, कारण कागद बदलणे महाग. बाजारातल्या पुष्कळ चित्रकलेच्या कागदात पिवळेपणा टाळायला खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घातलेली असते. ती क्षारधर्मी, सायनोटाइपची वैरीण. कोऱ्या कागदावर व्हिनेगरचा थेंब टाका आणि कान जवळ न्या. बारीक बुडबुडे आले तर कागद भरलेला आहे. फार कमी प्रमाण असेल तर बुडबुडे दिसणार नाहीत, म्हणून कोट केलेला तुकडा धुतल्यावर आठवडाभर फिकटतो का तेही बघा. असा कागद आधी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवून, धुऊन, वाळवून वापरता येतो. सायनोटाइपसाठी बनवलेला सुती कागद त्यापेक्षा बरा, पण त्याआधी वरचे सगळे तपासा. महाग कागदावरही अपुरे धुणे तेवढेच मळते.

इथे थांबा

वरचे सगळे करून, ताजा कागद आणि फिल्टरचे पाणी वापरूनही ऊन न दाखवलेली कोट केलेली पट्टी निळीच निघत असेल, तर रसायन संशयास्पद आहे. घरी शुद्ध करत बसू नका, नवीन आणा. पाण्याचा संशय फिटत नसेल तर बाटलीभर पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि जडपणा व क्षारता मागा.

संडास साफ करायचे ॲसिड, बॅटरीचे ॲसिड, कुठलेही तीव्र ॲसिड या कामात आणू नका. पोटॅशियम फेरिसायनाइड किंवा निळा प्रिंट तीव्र आम्लात, विशेषतः गरम असताना, हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सोडू शकतो. व्हिनेगर आणि लिंबूसत्त्व सौम्य आहेत म्हणून चालतात. ब्लीच तर अमोनिया किंवा ॲसिडजवळ कधीच नको. चुकून झालेच तर भांडे उचलायला थांबू नका, बाहेर पडा, दारे-खिडक्या उघड्या सोडा आणि श्वासाचा त्रास होताच डॉक्टरकडे जा. सोड्याचे पाणी डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे डोळा उघडा धरा आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

आणि जुन्या वाड्याच्या ट्रंकेत सापडलेला निळ्यावर पांढऱ्या रेघांचा नकाशा घेऊन कुणी "हा जरा उजळून द्या" म्हणाले, तर मी त्याला हातही लावत नाही. त्या काळचे असे नकाशे याच निळ्याचे असतात, सोड्याचे पाणी लागले की रेघांसकट जातील, आणि जुना कागद नुसत्या पाण्यातही फाटतो. फक्त उजेडाने फिकटला असेल तर काही महिने अंधारात, कोरड्या जागी सपाट ठेवून बघा, प्रशियन ब्लू हवेतल्या ऑक्सिजनने काही प्रमाणात परत गडद होतो. बुरशी, फाटणे किंवा डाग असतील तर काम कागद-संवर्धकाचे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे आधी फोटो पाठवून विचारा. नकाशा नेताना गुंडाळी करू नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट न्या, आणि त्याला सेलोटेप लावलेली असेल तर ती तशीच राहू द्या.